म्हाताऱ्याचा हात पेटीतच राहिला

सर,

तुमच्या तेराव्याचं जेवून परवा घरी आलो आणि पडवीत बसलो, तो अजून बसलेलाच आहे असं समजा. शाळेत शोकसभा झाली. हेडमास्तरांनी तुमचा जन्म कुठला, शिक्षण कुठलं, नोकरी किती वर्षं, सगळं कागदावरून वाचलं. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. त्या कागदात तुम्ही कुठं नव्हतात. तुमची दांडी तुटलेली छत्री नव्हती, खडूचा हात धोतराला पुसायची सवय नव्हती, आणि माझ्याशी चौदा वर्षं चाललेलं भांडण तर नव्हतंच. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. माझं शिक्षण चौथी, ते तुम्हाला ठाऊक आहे. चुका दिसतील. पण तांबडी शाई तुमच्याबरोबर गेली.

भांडण घंटेवरून सुरू झालं. तुम्ही नवीन आलात तेव्हा अकरावीचं, म्हणजे मॅट्रिकचं, इंग्रजी शेवटच्या तासाला लावलेलं. उंडीच्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा आणि माझ्या हातात लोखंडी ठोकणी. हेडमास्तरांच्या खोलीतल्या, उंडीखालून दिसणाऱ्या घड्याळाचा मोठा काटा बारावर आला की टोला, देव आला तरी. आठवडा झाला असेल, तुम्ही दारात येऊन बोट दाखवलंत.

“धोंडोबा, पाच मिनिटं धरा. एकच पान राहिलंय.”

“मला काय सांगता? घड्याळाला सांगा.”

आणि मी टोला दिला. पोरं उठली. तुम्ही पुस्तकात बोट घालून तसेच उभे. मला वाटलं, आता हेडमास्तरांकडं जाणार. तुम्ही गेला नाहीत. नुसते म्हणालात, “फार कडक माणूस आहात हो तुम्ही.” गावात सगळे मला धोंड्या म्हणायचे. तुम्ही पहिल्या दिवसापासून धोंडोबा आणि अहोजाहो. ते मला आवडत होतं, हे कधी बोललो नाही. आज सांगतो.

का कडक, तेही तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. तुम्ही यायच्या आधीची गोष्ट. एका मास्तरांच्या शब्दाखातर मी घंटा दहा मिनिटं धरली. पलीकडच्या गावांतली पोरं तरीच्या होडीनं खाडी ओलांडून यायची. त्या दिवशी ओहोटी लागली, तरीची होडी निघून गेली आणि पोरं गुडघाभर चिखलातून खाडीला वळसा घालून चालत गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचे बाप आले. शिव्या मला बसल्या, मास्तरला नाही. ओहोटी रोज वेगळ्या वेळी येते, हे मला कळतं. पण घंटा एक दिवस ढिली सोडली की रोज ढिली होते. त्या बाबतीत मी चुकलो नाही, हे आजही म्हणतो.

पण मी उंडीखाली उभा राहायचो ते नुसतं घंटेसाठी नाही. अकरावीची खिडकी तिथून चार हातांवर. तेव्हा इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. अकरावीत आली तरी पोरांची जीभ वळायची नाही, आणि तुम्ही त्यांच्यापुढं विलायतेतलं गाव मांडायचात. एक ओळ इंग्रजीत, मग तीच मराठीत. ती चक्कीवाल्या म्हाताऱ्याची गोष्ट. अभ्यासाची पुस्तकं बदलली, पण ती गोष्ट तुम्ही सोडली नाहीत.

म्हाताऱ्याची चक्की वाऱ्यावर चालणारी. पोरांना दिसेना. तुम्ही म्हणालात, “गलबताला शिडं असतात ना, तशी घराला शिडं.” तर कोळीवाड्यातला एक उठला, “मग सर, घर पलीकडं जात न्हाय व्हय?” सगळा वर्ग हसला. तुम्ही इतके हसलात की डोळे पुसावे लागले. म्हाताऱ्याला एकुलता एक मुलगा. चक्की सोडून बोटीवर गेला. बाप म्हणाला, गेलास तर गेलास. मुलगा मुलखामुलखातून पत्रं पाठवी. म्हाताऱ्याला वाचता येत नसे, आणि दुसऱ्याकडून वाचून घेणं त्याला कमीपणाचं वाटे. आलेलं पत्र तो न फोडता पिठाच्या पेटीत टाकी. वर पीठ पडे. अशी वर्षं गेली.

एकदा त्या गोष्टीत आलं की म्हाताऱ्यानं चक्कीचा दगड उलटा केला आणि टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, ठोकत बसला. पोरं विचारू लागली, दगड कशाला ठोकायचा? तुम्हालाही नीट सांगता येईना, खरं बोला. तुमच्या घरात जातं फिरवलं बायकांनी, आणि टाकवलं दारावर येणाऱ्यानं. आमच्या घरचं जातं मीच टाकवतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी पाण्याचं पिंप भरायला चाललो होतो. तुम्ही खिडकीतून हाक मारलीत.

“धोंडोबा, आत या. हे तुमच्या खात्यातलं आहे.”

“मी? वर्गात? पाय भिजलेत माझे.”

“भिजू द्या. या.”

मी फळ्याजवळ उभा राहिलो. हात कुठं ठेवावे कळेना. मग म्हटलं, होईल ते होईल. “पोरांनो, जातं दळून दळून गुळगुळीत होतं. मग दाणा नुसता चेपतो, पीठ पडत न्हाय. दगडाला टाकीनं खाचा पाडल्या की परत दाणा धरतो. घाव घातल्याबिगर पीठ न्हाय.” तुम्ही सगळ्या वर्गाला वहीत लिहून घ्यायला लावलंत. मुलींच्या बाकावर माझी यमू होती. तिनं मान वर केली नाही. कान मात्र लाल झालेले. मला वाटलं, बाप शिपाई म्हणून पोरीला लाज वाटली. घरी आलो तर चुलीपुढं आईला सांगत होती, “आये, आज बाबांनी इंग्रजी शिकवलं.”

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आपण पिंपापाशी उभं राहून वाद घातला.

“म्हाताऱ्याचं काय चुकलं, सांगा,” मी म्हणालो. “पोरगा सोडून गेला. बापानं का म्हणून पत्र उघडावं?”

“म्हणजे बरोबर केलं त्यानं?”

“मी बी तेच केलं असतं.”

“धोंडोबा, आधी शेवट ऐका. मग बोला.”

शेवट मी कधी ऐकला नाही. त्याला कारण मीच. शेवटचा धडा तुम्ही तासाच्या सुरुवातीला घ्यायचात, आणि दरवर्षी बरोबर तिथंच यायचात. म्हातारा आजारी आहे, बाहेर बर्फ आहे, तो काठी टेकत चक्कीत जातो, पेटीचं झाकण उचलतो, पिठात हात घालतो. आणि माझा टोला. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही. तुम्ही बाहेर येऊन म्हणायचात, “दरवर्षी तुम्ही बिचाऱ्याचा हात पेटीतच अडकवून ठेवता!” उरलेला धडा रविवारी तुमच्या सुपारीच्या बागेत व्हायचा. पोरं जायची. तुम्ही मलाही बोलवायचात. मी म्हणायचो, मला काय करायचं, मला काय परीक्षा द्यायची आहे? मनात होतं. पण पोरांच्या मागं जाऊन बसणं आणि तुम्हाला ‘पुढं काय झालं’ विचारणं माझ्याच्यानं झालं नाही.

आता ती गोष्ट लिहितो, जी आपण दोघांनी पुन्हा कधी तोंडावर आणली नाही.

माघाचा महिना. यमू अकरावीत. तळे गावाकडचं स्थळ आलं, आमच्या मूळ मुलखातलं. भाताची जमीन, भरलेलं घर, मुलगा निर्व्यसनी. मी होकार दिला आणि दुसऱ्या दिवसापासून यमूला शाळेतून काढली. पाचव्या दिवशी तुम्ही माझ्या दारात. आयुष्यात पहिल्यांदा. यमूच्या आईनं पाट मांडला. तुम्ही छत्री भिंतीला लावलीत आणि बसलात.

“धोंडोबा, दीड महिना. परीक्षा होऊ द्या. मग मी स्वतः अक्षता टाकायला येतो.”

“दीड महिना स्थळ थांबत न्हाय.”

“मी बोलू का त्या लोकांशी?”

“तुम्ही का बोलणार? पोरगी माझी हाय.”

“फार हुशार आहे हो ती.”

“हुशार हाय म्हणूनच सासर सांभाळंल.”

तुम्ही तरी उठला नाहीत. तुमच्याकडंही हट्ट कमी नव्हता. मग मी बोललो ते बोललो. “सर, वर्गात तुमचं चालतं. घंटेवर माझं. ही घंटा झाली.”

तुम्ही छत्री घेतलीत. यमू माजघराच्या दारामागं होती. तिच्या बांगड्या वाजल्या, एवढंच मला ऐकू आलं. लग्नाला तुम्ही आलात, अक्षता टाकल्यात, आणि जेवायला न थांबता गेलात.

तुम्ही माझ्याशी अबोला धरला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही वेगळंच केलंत. त्या वर्षापासून शेवटचा धडा आला की पेटीपाशी पोचल्यावर तुम्ही आपणहून पुस्तक मिटायचात. घंटेला पाच मिनिटं बाकी. मी उंडीखाली ठोकणी घेऊन उभा. ती पाच मिनिटं सरता सरत नसत. काटा हलतच नाही असं वाटे. हीच पाच मिनिटं तुम्ही एके काळी माझ्याकडं मागत होतात, आणि आता मला परत देत होतात. मी ती घेतली. पुढं वाचा, असं म्हणालो नाही.

यमू दिवाळीला यायची. आईशी बोलायची, आईची वेणी घालायची, मला ताट वाढायची. “बरी हायस?” “बरी हाय.” झालं बोलणं. आई गेली तशी तिचं येणंही थांबलं. यमूची आई गेली त्या दिवसांत तुम्ही रोज येऊन माझ्या पडवीत बसायचात. दहा दिवस. एक शब्द बोलला नाहीत, मीही नाही. जाताना छत्री उचलायचात आणि “येतो” म्हणायचात. तेवढ्या त्या एका शब्दासाठी मी दिवसभर वाट बघायचो, सर. हेही सांगायचं राहिलं.

आता टपालाचं. शाळेची टपालाची पिशवी माझ्याकडं. सकाळी पोस्टातून आणायची, दुपारी टाकायची. महिन्या-दोन महिन्यांनी तुमच्या नावाचं एक पाकीट यायचं, वर सगळं इंग्रजी. तुमचं उलट जाणारंही तसंच. पोस्टमास्तर मला म्हणायचा, “धोंड्या, तळ्याचं टपाल आलं रे तुझ्या सरांचं!” आणि मिशीत हसायचा. का हसतो, हे मला कळायचं नाही. एकदा मी तुम्हाला विचारलंच.

“तळ्याला कोण हाय तुमचं?”

“एक विद्यार्थी आहे. घरच्यांनी ऐन वेळी शाळेतून काढलं. पत्रानं शिकवतो.”

“घरचे मूर्ख असतील.”

तुम्ही चष्मा काढून पुसलात. “मूर्ख नाहीत, धोंडोबा. हट्टी आहेत.”

मी मान हलवली आणि तुमचं पाकीट पोस्टात टाकायला निघालो.

परवा तेराव्याला पंगत उठल्यावर वहिनींनी मला मागच्या दारी बोलावलं. हातात सुतळीनं बांधलेला गठ्ठा दिला. म्हणाल्या, “हे यांनी तुमच्यासाठी ठेवायला सांगितलं होतं. म्हणाले, मी असेपर्यंत धोंडोबा घ्यायचे नाहीत.”

“काय हाय?”

“यमूची पत्रं.”

“यमूची? हे तर इंग्रजी हाय.”

“इंग्रजीच लिहायचं, अशी यांची अट होती तिला. सहा वर्षं लिहीत होती, यांनी तपासून धाडलेलं पत्र बघून परत पाठवायची. गेल्या साली बाहेरून बसली आणि मॅट्रिक झाली. तुम्हाला ठाऊक नाही?”

मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं, वहिनींना होतं, पोस्टमास्तरला होतं. यमूच्या आईलाही होतं, वहिनींनी सांगितलं. ती जाताना ते पोटात घेऊन गेली. परीक्षेला माणगावपर्यंत यमूला बैलगाडीनं कोणी नेलं, तर तिच्या सासऱ्यानं. तो माझ्याहून अडाणी. सही म्हणून अंगठा लावतो. दोन दिवस तो बाहेर गाडीखाली बसून राहिला म्हणे. सून आत पेपर लिहितेय, आणि हा बाहेर बैलांना वैरण घालतोय. सर, तुमच्या जाण्याचं दुःख मोठं खरं, पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्या माणसाचा हेवा वाटला. ती जागा माझी होती.

आणि पत्रं मीच आणली, मीच टाकली. सहा वर्षं माझ्या पोरीचं अक्षर माझ्या काखेत होतं. ऊन लागू नये म्हणून मी पिशवी सावलीच्या बाजूला धरायचो. तुम्ही ते बघत होतात. एकदाही सांगावंसं वाटलं नाही? हा माझा तुमच्यावरचा राग, तो मी ठेवणार आहे. तुम्ही म्हणाल, सांगितलं असतं तर तुम्ही बंद पाडलं असतंत. पाडलं असतं कदाचित. तळ्याला जाऊन तमाशा केला असता. तरी राग आहे.

तुम्ही तसं म्हणालाच असतात, हे मी कशावरून धरतो? चौदा वर्षं भांडलो म्हणून. तुम्ही काय बोलाल ते मला आता तुमच्याशिवाय ऐकू येतं. पण ते माझ्याच डोक्यातलं. तुम्ही मधूनच मला वाटलं नव्हतं असं काही बोलायचात, ते आता होणार नाही.

गठ्ठा घरी आणला. सोडला. पानभर इंग्रजी, मध्येच तुमची तांबडी शाई. सुरुवातीच्या पत्रांत तांबडं जास्त, निळं कमी. पुढं पुढं तांबडं कमी होत गेलेलं. शेवटच्या पत्रात एकच तांबडी खूण, ती चूक दाखवणारी नाही, शाबासकीची असावी. एवढं मला वाचता आलं. बाकी काही नाही. एका पत्रात मधोमध तिनं शाळेची घंटा काढलीय. रुळाचा तुकडा, उंडीचं झाड, आणि खाली एक माणूस, पाय फाकून उभा. टोपी माझीच आहे. त्याच्याखाली दोन ओळी लिहिल्यात. त्या दोन ओळींत माझ्याबद्दल काय आहे, ते मला कळत नाही.

शाळेतले नवे इंग्रजीचे मास्तर काल रस्त्यात भेटले. भला मुलगा आहे. म्हणाला, “आणा बाबा, वाचून दाखवतो, दहा मिनिटांचं काम.” मी म्हणालो, “नको. महत्त्वाचं न्हाय काही.” आणि पुढं चालू लागलो. उंडीपर्यंत आलो आणि थांबलो. हे त्या चक्कीवाल्या म्हाताऱ्याचं बोलणं मी बोललो, ते मला कळलं. तुम्ही असतात तर हसला असतात. हसा. तुम्हाला हक्क आहे.

मी नोकरीतून सुटल्यावर आलेला नवा शिपाई घंटा कधी चार मिनिटं उशिरा देतो, कधी लवकर. पलीकडच्या गावात आता शाळा झाली, तरीनं येणारी पोरं राहिली नाहीत. कोणाचं काही अडत नाही. मी घरातून ऐकतो आणि मनात म्हणतो, चुकलास. मग आठवतं की आता चुकलं तरी कोणी चिखलात जात नाही.

उद्या सकाळच्या एसटीनं तळ्याला जातोय. कळवलेलं नाही. यमूच्या दारात मी लग्नानंतर दोनदाच गेलो, दोन्ही वेळा चहा पिऊन लगेच निघालो. आता तिनं ‘आत्ता कशाला आलात’ म्हटलं, तर अंगणात बसेन. तिच्या सासऱ्याकडून बसायचं शिकेन. गठ्ठा तिच्या पुढं ठेवणार आणि म्हणणार, वाच. माझ्याबद्दल वाईट लिहिलं असशील तर तेही वाच, मराठीत सांग. आणि ते संपलं की त्या चक्कीवाल्याचं पुढं काय झालं तेही सांग. तुला सरांनी लिहिलं असेलच.

म्हातारा बरोबर होता की चूक, तो वाद शेवट ऐकल्यावरच बोलायचा, असं तुम्ही म्हणाला होतात. ऐकून येतो. तुम्ही नसलात तरी तुमच्या बागेच्या दगडी गडग्यावर बसून बोलेन, मला कोण अडवणार?

दुपारची एसटी तिथून परत निघते. तिला मी जाऊ देणार आहे, सर. पोरगी वाचत असेल तर शेवटच्या पानापर्यंत वाचू दे. मी घड्याळाकडं बघणार नाही.

तुमचा,
धोंडोबा